देखरेखीचा शनिवार

दुर्गाबाईंनी पर्समधून रुपयाचं नाणं काढलं, पदर खोचला आणि राधाबाई परबांच्या स्वयंपाकघरात खाली बसून त्या फरश्या वाजवायला लागल्या. एकेका फरशीवर तीन टिचक्या. खणखणीत आवाज आला की पुढची, बद्द आवाज आला की खडूची फुली. फरशीखाली माल नीट भरला नसेल तर ती आज ना उद्या फुटते, आणि ते ओळखायला इंजिनिअर लागत नाही, रुपया पुरतो, हे त्यांना पाच वर्षांपूर्वी एका गवंड्याने शिकवलं होतं. सदुसष्टाव्या वर्षी फरशीपेक्षा गुडघेच जास्त वाजत होते, पण त्यांची नोंद करायला अहवालात रकाना नव्हता.

"सगळ्या ठीक आहेत," ओट्याला धरून उठत त्या म्हणाल्या. म्हणताना आवाज जरासा पडला, तो त्यांचा त्यांनाच ऐकू आला.

"फरशी ऱ्हवांदे हो बाई," राधाबाई म्हणाल्या. "ह्यो नळ बघा. परत गळता."

नळ खरंच गळत होता. खाली लावलेलं पातेलं अर्धं भरलं होतं. सोसायटीचा सेक्रेटरी गौतम तक्रारवही घेऊन दाराशी उभा होता. त्याने दोन पानं मागे उलटून पाहिली.

"मॅडम, गेल्या महिन्यात पण नऊशे चारचा नळच होता. त्याच्या आधी पण. मी दर वेळी प्लंबर पाठवतो. तो बोलतो, नळ एकदम ओके आहे."

"प्लंबरच्या बोलण्याने पाणी थांबत नाही," दुर्गाबाई म्हणाल्या आणि त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: खोली ९०४, स्वयंपाकघरातील नळ, गळती कायम.

मग नेहमीप्रमाणे राधाबाईंनी त्यांच्यासमोर आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं ठेवलं, आणि नेहमीप्रमाणे दुर्गाबाई म्हणाल्या की कामावर असताना मी काही घेत नाही. राधाबाई म्हणाल्या, "तर मगे पाच मिनिटां कामावरसून उतरा." हा संवाद दर महिन्याला शब्दशः असाच व्हायचा आणि दोघींनाही तो चुकवायचा नसायचा.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. दुर्गाबाई तळपदे ती चौतीस वर्षं चढल्या होत्या, तीही पगार घेऊन. दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाल्यावर आता उरलेलं आयुष्य गिरगावात खिडकीशी बसून काढायचं, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. तेवढ्यात लोअर परळच्या पोवळे चाळीचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. बिल्डरने चाळ पाडली, चौऱ्याऐंशी बिऱ्हाडं भाड्याच्या घरांत पाठवली आणि पुढे हात वर केले. न्यायालयाने त्याला कोट्यवधींची अनामत भरायला लावली आणि इमारत कबूल केल्याप्रमाणे पुरी होईपर्यंत लक्ष ठेवायला एक अधिकारी नेमला. आधी नेमलेले निवृत्त न्यायाधीश दुसऱ्याच महिन्यात प्रकृतीचं कारण देऊन मोकळे झाले. मग कुणाला तरी शिरस्तेदारबाईंची आठवण झाली, कारण त्यांच्या हातून चौतीस वर्षांत एकही कागद गहाळ झाला नव्हता.

तेव्हापासून दर महिन्याचा पहिला शनिवार पोवळे चाळीचा. मागच्या फाटकातून आत शिरायचं, कारण पुढचं कारंजंवालं फाटक विकत घर घेणाऱ्यांच्या टॉवरचं. वॉचमनच्या वहीत सही करायची. वहीत 'खोली' असा रकाना होता, तिथे त्या आडवी रेघ मारायच्या. 'काम' या रकान्यात लिहायच्या: कोर्ट. मग चौदा मजले, तक्रारवही, फरश्या, नळ, आणि शेवटी अहवाल. अहवालाच्या तळाशी एक ओळ ठरलेली: पुढील तारीख.

खाली सोसायटीच्या खोलीत गौतमचे वडील बाबुराव खुर्ची टाकून बसलेले असायचे. अठ्ठ्याऐंशी वर्षं वय, त्यातली छत्तीस गिरणीत गेलेली, आणि चाळीतली खोली त्यांच्या वडिलांच्या नावावरची, तीही भाड्याची. आपलं घर मालकीचं झाल्याचा कागद हातात धरायचा, एवढी एकच इच्छा राहिली होती. तो कागद निघायला दुर्गाबाईंचा शेवटचा अहवाल लागत होता. सगळे दोष दूर झाले असं त्यांनी लिहून दिलं की चौऱ्याऐंशी कुटुंबांच्या नावाने कागद होणार, बिल्डरला अनामत परत मिळणार आणि देखरेख संपणार.

"जय भीम, बाई. कागद?" बाबुरावांनी त्याही दिवशी विचारलं.

"पुढच्या तारखेला बघू, बाबुराव."

"बरं बरं," ते म्हणाले. "गिरणीत पण असंच सांगायचे."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. दुर्गाबाई कागदपत्रं पिशवीत भरून बसथांब्याकडे निघाल्या.

खोताच्या वाडीला लागून असलेल्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. लग्न राहून गेलं, आईवडील गेले, भाऊ ठाण्याला राहायला गेला आणि मग गेलाच. तळमजल्यावर आता पर्यटकांना खोल्या भाड्याने देत. ते लोक सकाळी गल्लीत उभे राहून लाकडी खिडक्यांचे फोटो काढत आणि खिडकीत दुर्गाबाई असल्या तर त्याही फोटोत जात. कुठकुठल्या देशांत आपण भिंतीवर लागलो असू, याची त्यांना कल्पना नव्हती. आठवड्याचा हिशेब केला तर त्या दूधवाल्याशी, भाजीवालीशी आणि दूरदर्शनवरच्या बातम्यांशी बोलायच्या, त्यात उलट उत्तर पहिले दोघेच द्यायचे. पहिल्या शनिवारची साडी त्या गुरुवारीच काढून ठेवत.

म्हणून मेघना नावाची ती वकील पोरगी मंगळवारी दुपारी जिना चढून आली, तेव्हा दुर्गाबाईंची आधी धांदल उडाली. दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं त्यांनी घाईघाईने उचलली. त्या खुर्चीवर कुणी बसून वर्ष झालं असेल.

मेघना दादरच्या एका छोट्या संस्थेत काम करायची. राजकीय पक्षांना कुणी किती देणगी दिली याच्या याद्या वाचायच्या आणि मग विधिमंडळात कोण कशाच्या बाजूने बोलतो ते ताडून पाहायचं, असं तिचं काम. तिने पिशवीतून एक छापील कागद काढला.

"मॅडम, हे विधेयक. न्यायालय-नियुक्त देखरेख अधिकारी, नेमणूक आणि मुदत. तुम्ही वाचलंय का?"

"नावापुरतं ऐकलंय."

"कुठलाही देखरेख अधिकारी तीन वर्षांच्या वर राहणार नाही. मुदत वाढवायची तर सरकारची परवानगी. म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची, त्याने नुसता वेळ काढायचा. तीन वर्षं संपली की रान मोकळं."

"कागदावर काही वावगं दिसत नाही," दुर्गाबाई म्हणाल्या. चौतीस वर्षांची सवय होती, त्यांना आधी कागद दिसायचा.

"म्हणून तर दुसरा कागद आणलाय." मेघनाने एक यादी पुढे सरकवली. "ज्यांनी विधेयक मांडलं ते आमदार, आणि त्यांच्या बाजूने सह्या करणारे सहा जण. यांच्या पक्षाला या तीन कंपन्यांनी देणगी दिलीय. तिन्हींचा पत्ता एकच. एका कंपनीचा संचालक तुमच्या बिल्डरचा मेव्हणा. आमदारांचं जे प्रतिष्ठान आहे ना, त्यांची दहीहंडी, त्यांची अँब्युलन्स, त्यालाही इथूनच."

दुर्गाबाईंनी चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत वाचली. तारखाही वाचल्या. शेवटची देणगी आणि विधेयक यांत पाच आठवडे होते.

"आणि हे ऐका," मेघना म्हणाली आणि तिने फोन समोर धरला. सभागृहात आमदार बोलत होते. आवाज भारदस्त, कपडे परीटघडीचे.

"अध्यक्ष महोदय, लोअर परळला एक इमारत आहे. लोक राहायला जाऊन अडीच वर्षं झाली. पण कोर्टाने नेमलेल्या एक बाई आजही दर महिन्याला तिथे जातात. काय तपासतात? नळ! अध्यक्ष महोदय, हे देखरेखवाले नाहीत, हे नवीन भाडेकरू आहेत. फरक इतकाच, की हे भाडं देत नाहीत, घेतात!"

सभागृह खळखळून हसलं. बाक वाजले.

दुर्गाबाईंचे कान तापले. अहवालाची एक प्रत बिल्डरच्या वकिलाला जाते. राधाबाईंचा नळ तिथून विधानसभेत पोचला होता.

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेत," मेघना म्हणाली. "संयुक्त चिकित्सा समिती लोकांचं म्हणणं ऐकणार आहे. तुम्ही या, मॅडम. तुमच्याच इमारतीचं सांगा. देखरेख नसती तर काय झालं असतं, आणि अजून दर महिन्याला दोष कसे निघतात. सगळे अहवाल समोर ठेवले की त्यांची बोलती बंद."

"येईन," दुर्गाबाई म्हणाल्या. "किती वाजता?"

"अजून पाच आठवडे आहेत, मॅडम."

तरी त्यांनी वेळ लिहून घेतली. मग चहा केला, बिस्किटं काढली, आणि मेघना निघाली तेव्हा जिन्याच्या कठड्यापर्यंत सोडायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळे अहवाल जेवणाच्या टेबलावर मांडले. अठ्ठावन्न होते. समितीपुढे काय ठेवायचं ते निवडायचं होतं, म्हणून पहिल्यापासून वाचायला घेतले. पहिले वाचताना ऊर भरून आला. सातव्या महिन्यात त्यांनी पाहिलं होतं की तळघरात आग विझवण्याचा पंप बसवलाय, त्याला लाल रंगही दिलाय, पण आत मोटरच नाही. अकराव्या महिन्यात तिसऱ्या मजल्याचा खांब. विसाव्या महिन्यात दोनपैकी एका लिफ्टचा दाखला खोटा. लोक राहायला आल्यावर गच्चीची गळती, ती तर तीनदा उकरायला लावली. हे काम दुसऱ्या कुणी केलं नसतं, हे त्या कुणालाही छातीठोकपणे सांगू शकत होत्या.

मग शेवटचे चौदा आले. खोली ३०२, एक फरशी पोकळ. खोली ९०४, नळ. जिन्यातील एक दिवा बंद. खोली ९०४, नळ. खोली ११०१, खिडकीची कडी सैल. खोली ९०४, नळ.

शिरस्तेदाराला एक विद्या नक्की येते. वकील काय बोलतो ते न ऐकता फायलीत काय आहे ते वाचायची. दुर्गाबाईंनी परक्याच्या नजरेने ते चौदा कागद पुन्हा वाचले. न्यायालयाच्या हुकमात 'इमारतीतील दोष' असं लिहिलं होतं. सैल कडी कुठल्या घरात नसते? त्यांच्या स्वतःच्या खिडकीला तर दोरी बांधलेली होती. चौदाच्या चौदा कागदांच्या तळाशी मात्र त्याच ठसठशीत अक्षरात पुढील तारीख होती. त्यांना एकदम शरमल्यासारखं झालं. आमदाराने पैसे घेऊन खोटं बोलायला सुरुवात केली होती, आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून एक खरी गोष्ट निघून गेली होती.

कागद त्यांनी गोळा केले, नाडी बांधली आणि उरलेला दिवस त्या टेबलाकडे गेल्या नाहीत.

पहिला शनिवार आला. त्यांनी वॉचमनच्या वहीत रेघ मारली, 'कोर्ट' लिहिलं आणि सोसायटीच्या खोलीत शिरल्या. बाबुराव खुर्चीत होते. त्यांनी नमस्कार केला, दुर्गाबाई नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहत थांबल्या. प्रश्न आला नाही. बाबुराव त्यांच्याकडे निरखून बघत होते.

"बाई, तुमची खोली कितवी?"

"अण्णा," गौतम ओशाळून म्हणाला, "त्या कोर्टाच्या मॅडम आहेत."

"असतील ना. मी कुठं नाही म्हणतो? पण राहतात कितव्या माळ्यावर? सारख्या दिसतात." मग ते दुर्गाबाईंकडे बघून हसले. "आमची चाळ चांगली आहे. सांभाळून घेतात सगळे."

नववा, असं दुर्गाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"सॉरी, मॅडम," लिफ्टमध्ये गौतम हळूच म्हणाला. "महिनाभर असंच चाललंय. मला पण कधी कधी मुकादम समजतात. कागदाचं विचारायचे, ते पण बंद झालं."

दुर्गाबाई लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होत्या.

"गौतम, तुझ्याकडे पान्हा आहे का?"

"प्लंबरला बोलावतो ना."

"प्लंबर नको. पान्हा दे, आणि तू खाली जाऊन बस."

राधाबाईंनी दार उघडलं. नळ गळत होता, पातेलं होतं, तव्यावर आंबोळी होती. दुर्गाबाईंनी ओट्याखालची तोटी बंद केली, नळाला पान्हा लावला आणि पाच वर्षं गवंडी-सुतारांत वावरलेल्या हाताने तो खोलला. वरचा भाग हातात आला. आत पाणी अडवणारा रबरी वायसर नव्हता. झिजला नव्हता, तुटला नव्हता, नव्हताच.

तो भाग त्यांनी ओट्यावर ठेवला. राधाबाईंनी गॅस बंद केला. मग मांडणीवरचा कुळथाच्या पिठीचा डबा काढला, आत बोटं घालून चाचपलं आणि पिठीने माखलेला काळा वायसर काढून ओट्यावर ठेवला.

"गौतमचो माणूस येवच्या आधी परत घालतंय," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "तुमी येवच्या सकाळी काढतंय. झिलान शिकवल्यान नळ खोलूक. तेका म्हायत नाय कित्याक ता."

"मुलाला माहीत नसेल, पण मला सांगा. कशासाठी, राधाबाई?"

"चाळीत दार लावूक लाज वाटायची. हय उघडा ठेवला तर वॉचमन येवन सांगता, आजी, दरवाजा बंद करो. झिल आठाक जाता, सून साडेआठाक. मगे मी कोणाशी बोलू, भिंतीशी?" त्यांनी पदराने वायसर पुसला. "फरशी बरी, नळ बरो. मगे तुमी येतलास कित्याक?"

दुर्गाबाईंना वाटलं होतं की हा गुन्हा आपण एकटीने केला. त्याला साथीदार निघाला होता, आणि तोही दर वेळी पोटभर जेवू घालणारा. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते नळाकडे वळवले.

"प्लंबर सांगत होता," त्या म्हणाल्या. "मी ऐकून घेतलं नाही. मला ऐकायचंच नव्हतं."

"रागावलास काय?"

"नाही हो."

त्यांनी वायसर बसवला, पान्ह्याने नळ घट्ट केला आणि खालची तोटी उघडली. दोघी नळाकडे बघत उभ्या राहिल्या. थेंब पडला नाही. त्या स्वयंपाकघरात थेंबाचा आवाज किती होता, ते तो थांबल्यावर कळलं.

"आता?" राधाबाईंनी विचारलं.

"आता नळ चांगला आहे."

त्या दिवशी 'कामावर असताना घेत नाही' हे दुर्गाबाई म्हणाल्या नाहीत. मुकाट्याने बसल्या आणि तीन आंबोळ्या खाल्ल्या. राधाबाईंनी चौथी वाढली, तीही खाल्ली.

खाली येऊन त्यांनी अहवाल लिहिला. शिल्लक दोष: निरंक. मग तळाची ओळ आली. पेन बराच वेळ कागदाच्या वर राहिलं. पुढील तारीख: निरंक. सही केली, शिक्का मारला आणि प्रत गौतमच्या हातात दिली. त्याने ती दोनदा वाचली.

"मॅडम, म्हणजे हा शेवटचा?"

"हत्ती कधीच गेला होता, गौतम. शेपूट मीच धरून बसले होते."

मेघनाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. ती चिडली होती आणि तिचं चिडणं रास्त होतं.

"समितीच्या तोंडावर, मॅडम? आता ते म्हणणार, बघा, आम्ही कायदा आणतो म्हटल्यावर बाईंनी लगेच गाशा गुंडाळला. माकडाच्या हाती कोलीत दिलंत तुम्ही."

"मी येणार आहे समितीपुढे."

"येऊन काय सांगणार?"

"पंपाचं सांगेन, खांबाचं सांगेन. आणि शेवटचे चौदा महिने मी उगाच लांबवले, तेही सांगेन."

"त्याने आपलं नुकसान होईल, मॅडम," मेघना म्हणाली.

"फाईल अर्धी दाखवायची नसते, बाळ."

समितीने त्यांना सात मिनिटं दिली. मेघना यादी घेऊन मागच्या रांगेत बसली होती. विधान भवनाच्या त्या थंडगार खोलीत त्यांनी पहिली पाच मिनिटं पंपाला, खांबाला आणि लिफ्टच्या दाखल्याला दिली. तीन वर्षांची मुदत असती तर गच्चीची गळती मुदतीनंतरच निघाली असती, हे तारखांनिशी सांगितलं. सदस्य चहा पीत होते. मग त्यांनी चौदा महिन्यांचं सांगितलं, तेव्हा कप खाली ठेवले गेले.

"म्हणजे तुम्ही काम मुद्दाम लांबवलंत?" समितीप्रमुखांनी विचारलं.

"हो."

"का?"

"मी एकटी राहते," दुर्गाबाई म्हणाल्या. "शनिवारी कुठे जायचं, हा प्रश्न होता."

या वेळी कुणी हसलं नाही. विधेयक मांडणारे आमदार कोपऱ्यात बसले होते, त्यांनी फक्त वहीत काहीतरी टिपलं. दुर्गाबाई उठल्या नाहीत.

"लांबवण्यासाठी मला कुणी काही दिलं नाही. हा कायदा लवकर व्हावा म्हणून कुणी कुणाला काय दिलं, त्याची यादी या मुलीपाशी आहे. माझी चूक तुम्ही लिहून घेतलीत, आता तीही लिहून घ्या."

"तो आजच्या बैठकीचा विषय नाही," समितीप्रमुख म्हणाले. "पुढचे."

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यांत यादी नव्हती, फक्त शनिवार होता. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी गोंधळात, आवाजी मतदानाने विधेयक मंजूर झालं. अकरा मिनिटं लागली. मेघनाने त्यानंतर फोन केला नाही. दुर्गाबाईंनी एकदा तिचा नंबर काढला आणि पुन्हा ठेवून दिला.

न्यायालयाने अहवाल स्वीकारला, कागद झाले. एके दिवशी गौतमने फोनवर फोटो पाठवला. बाबुराव खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या हातात शिक्क्याचा कागद होता. तो त्यांनी उलटा धरला होता, पण दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. खाली गौतमने लिहिलं होतं: नाव वाचून दाखवलं. बोलले, हा माणूस नशीबवान आहे. दुर्गाबाईंनी तो फोटो दिवसातून दोनदा उघडून पाहिला, आठवडाभर.

दोन पहिले शनिवार त्यांनी घरात काढले. पहिल्या शनिवारी सगळी कपाटं आवरली. दुसऱ्या शनिवारी आवरलेलं पुन्हा आवरलं. त्या दुपारी स्वयंपाकघरात उभ्या असताना त्यांनी सहज नाणं काढून स्वतःच्या फरशीवर टिचकी मारली. बद्द आवाज आला. शेजारचीही बद्द. त्यांनी नाणं पर्समध्ये ठेवून दिलं.

तिसऱ्या महिन्यात पहिल्या शनिवारची साडी गुरुवारीच निघाली होती. बस लोअर परळला थांबली तेव्हा उतरू की नको असं झालं, आणि उतरल्यावरही त्या दहा मिनिटं थांब्यावरच उभ्या राहिल्या. तिथे आता आपलं काय काम, हे त्यांनी स्वतःला कायद्याच्या भाषेत विचारून पाहिलं. मग त्या मागच्या फाटकाकडे चालू लागल्या.

मागच्या फाटकावर वॉचमन नवा होता. त्याने त्यांना ओळखलं नाही. वही पुढे केली.

"एन्ट्री करो, मॅडम."

त्यांनी नाव लिहिलं. तारीख लिहिली. 'खोली' या रकान्यापाशी सवयीने रेघ मारायला हात गेला आणि थांबला. मग त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: ९०४.

वॉचमनने वही उलटी फिरवून पाहिली.

"काम का खाना खाली है."

"रिकामाच राहू दे," दुर्गाबाई म्हणाल्या.

तो क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग खांदे उडवून त्याने इंटरकॉम उचलला आणि नऊशे चारचं बटण दाबलं. वर घंटी वाजू लागली. दुर्गाबाई पिशवी या हातातून त्या हातात घेत फाटकाशी उभ्या राहिल्या.